पोशाखाच्याच जगातली पेटी: साय-फाय कॉस्प्लेची ट्रंक कशी सजवावी

नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर थोडा वेळ थांबलात तर एखादा जवान बदलीच्या गावी निघालेला दिसतोच. त्याच्या पायाशी काळी ट्रंक असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, कडीखाली पत्रा घासून चकाकलेला, झाकणावर दुसरी ट्रंक ठेवल्याचे ओरखडे. माणूस बाजूला गेला तरी ती कोणाची, कुठून आली, किती फिरली हे कळतं. साय-फाय कॉस्प्लेच्या, म्हणजे विज्ञानकथेतल्या पात्रासारखं सजण्याच्या, पोशाखासाठी पेटी करताना मी कायम ही ट्रंक डोळ्यांसमोर ठेवते. पोशाख ज्या जगातला आहे, पेटीही त्याच जगात वापरून जुनी झालेली वाटली पाहिजे. नुसता पोशाखाचा रंग फासला आणि चिन्ह चिकटवलं की ती वाढदिवसाच्या भेटीची खोकी दिसते.

हा लेख ज्यांचा पहिला पोशाख नुकताच तयार झालाय आणि तो ठेवायचा कुठे असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी आहे. उदाहरणाला माझाच पोशाख घेते: एका उजाड उपग्रहावरची खाणकामगार. मोहरी-पिवळं छातीचं कवच, करडे मनगट-पट्टे, गुडघ्यांच्या वाट्या, हेल्मेट. सगळं ईव्हीए फोमचं, म्हणजे चपलांच्या तळव्याला वापरतात तसल्या दाट, लवचीक फोमचं.

पेटी निवडताना

आधी पोशाखाचे सगळे भाग जमिनीवर मांडा आणि मोजा. पेटी घेऊन मग भाग कोंबत बसलात तर छातीचं कवच वाकतं, आणि ईव्हीए फोम एकदा महिनाभर वाकून बसला की हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) मारल्याशिवाय सरळ होत नाही.

रेल्वेने जाणार असाल तर मापाचा विचार इथेच करा. डब्यात सोबत नेण्याच्या पेटीसाठी रेल्वेचं माप १०० × ६० × २५ सेंटीमीटर आहे. एसी थ्री टियर आणि एसी चेअर कारमध्ये त्याहून लहान, ५५ × ४५ × २२.५. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठायची तर ही उंची चाकं धरून मोजायची. हेल्मेट बहुधा २५ सेंटीमीटरच्या पेटीत मावत नाही. म्हणून मी हेल्मेट जाड कापडाच्या वेगळ्या पिशवीत मांडीवर नेते आणि पेटी चपटी ठेवते. सगळं एकाच पेटीत बसवायचा हट्ट धरलात तर ती इतकी मोठी होते की जिन्यावरून दोघांनी उचलावी लागते.

पत्र्याची की प्लॅस्टिकची? मी पत्र्याच्या बाजूने आहे. पत्रा रंग धरतो, ठोकर खातो, आणि त्यावरचा पोचाही शोभून दिसतो. प्लॅस्टिकचे मोठे स्टोरेज बॉक्स हलके आणि स्वस्त असतात, पण त्यांच्या बुडाशी त्रिकोणात ५ आकडा दिसला तर तो पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग टिकत नाही. माझा पहिला बॉक्स असाच होता. दुकानदाराने ‘कशावरही चालतो’ म्हणून दिलेला स्प्रे मी तीन हात मारला, सुंदर दिसला. दादरच्या पुलावर पोचेपर्यंत झाकणाच्या कडेचा रंग सालीसारखा निघून माझ्या बाहीला लागला होता. दोन आठवड्यांची मेहनत होती ती. तेव्हापासून पॉलिप्रॉपिलीनवर रंग मारायचाच असेल तर मी गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जाते. बंपरही बहुतेक याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्याकडे खास प्लॅस्टिक प्रायमर असतो. तो पातळ मारून लगेच वरचा रंग चढवला तर पकड येते. तरी झाकण जिथे वाकतं तिथे रंग तडकतोच. त्याहून बरं म्हणजे काळा किंवा करडा बॉक्सच घ्या, अंगचा रंग तसाच ठेवा आणि नुसती चिन्हं व जोडभाग लावा.

नवीन ट्रंक घ्यायला पाहिजेच असं नाही. आजीच्या माळ्यावरची, लग्नात आलेली ट्रंक मिळाली तर विचारून घ्या. बिजागऱ्या तेवढ्या तपासा. उघडताना झाकण एका बाजूला कललं तर बिजागरीची रिबिट ढिली आहे, ती आधी बदलून घ्या. रंगकाम झाल्यावर ठोकाठोकी करायला लागली की रडू येतं.

आतली बाजू आधी

नवखे सगळे बाहेरून सुरुवात करतात. मीही केली होती. पण आतलं काम करताना पेटी उलटीसुलटी होते, घासली जाते आणि बाहेरचा ताजा रंग खराब होतो. म्हणून आधी आत.

बुडाला १० मिलिमीटरचा ईपीई फोम टाका. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खोक्यात येतो तो पांढरा, दाबला की परत फुगणारा. पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो रोलमधून मीटरवर मिळतो. थर्माकोल वापरू नका. चिकटवायला जो रबरी कॉन्टॅक्ट गोंद वापरतो त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, आणि स्प्रे पेंटही तेच करतो.

प्रत्येक भागाची जागा कागदावर आखून, ती फोमवर उमटवून, ब्लेड नवीन असतानाच कापा. बोथट ब्लेडने फोम फाटतो. कप्पे भागापेक्षा किंचित सैल ठेवा, बोट जाईल इतके, नाहीतर काढताना रंगवलेली कडा घासते.

गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हाताला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. ओला असताना जोडलात तर तो कधीच नीट धरणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वासाने डोकं चढतं.

आता एक गोष्ट खास आपल्या नाशिक जिल्ह्यासाठी. द्राक्षाच्या हंगामात घरात पॅकिंगचं भरपूर सामान पडलेलं असतं: बबल शीट, पुठ्ठे, कागद. बबल शीट जरूर वापरा. पण निर्यातीच्या पेट्यांत मण्यांवर ठेवतात ती सल्फरची शीट चुकूनही पेटीत जाऊ देऊ नका. ओलावा लागला की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षांवरची बुरशी तो रोखतो, पण बंद पेटीत बकलं, रिबिट आणि पत्रा खातो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लॅस्टिक मऊ पडतं. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी जेल घेतलीत तर ती कधी भरली हे डोळ्यांना दिसतं.

रबर, रेक्झिन आणि रंगवलेले भाग एकमेकांना टेकवून ठेवू नका. उन्हाळ्यात ते चिकटतात आणि रंगावर कायमचा ठसा उरतो. मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

रंगापूर्वीची घासाघाशी

जुन्या रंगाची ट्रंक ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. रंग पूर्ण काढायचा नाही, फक्त चकाकी मारायची. मग साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून, शेवटी थिनरच्या फडक्याने हलकेच पुसा. गंज असेल तिथे पत्रा दिसेपर्यंत घासून रेड ऑक्साइड प्रायमर लावा.

कोरी, पांढरी, फुलाफुलांची चमक असलेली ट्रंक म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा. त्यावर थेट ऑइल पेंट मारलात तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात, कारण तेलातले घटक आणि जस्त यांची आपसात प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा खालचा थर, लागतो. तो गाडी रंगवणाऱ्यांकडे मिळेल.

आणखी एक भांडण रंगांमधलं. गॅरेजवाले ज्याला ड्युको म्हणतात तो रंग ताज्या ऑइल पेंटवर मारला की खालचा थर सुरकुततो. प्रायमरपासून शेवटच्या क्लिअरपर्यंत (वरच्या पारदर्शक थरापर्यंत) शक्यतो एकाच जातीचं सामान घ्या, आणि आधी झाकणाच्या आतल्या बाजूला हातभर जागेत मारून एक दिवस बघा.

हवामान बघून काम धरा. पावसाळ्यात स्प्रे मारला तर हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि वर दुधाळ साय येते. डिसेंबर-जानेवारीत नाशकात सकाळी पत्रा बर्फासारखा गार असतो. अकरानंतर, पेटी थोडी उन्हात तापवून, मग सावलीत आणून रंगवा. माझे आवडते महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. एप्रिलच्या भर दुपारी मारलात तर रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो.

स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, वीत-सव्वा वीत अंतर ठेवा, हात पेटीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा. पातळ चार हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातानंतर खालचं दिसतच असतं, तिथे घाबरून जाड मारू नका, ओघळ येतात. गच्चीवर मारणार असाल तर शेजारच्यांच्या दोऱ्या आधी बघून घ्या, आणि तोंडाला साधा रुमाल नको, रंगाऱ्याचा फिल्टरचा मास्क लावा.

पोशाखाशी रंग जुळवायला छोटासा रंगवलेला फोमचा तुकडा खिशात घेऊन रंगाच्या दुकानात जा. फोनवरचा फोटो दाखवून जुळवलेला रंग कधीच जुळत नाही.

जुनेपणा आणायचा कसा

माझं मन सगळ्यात जास्त इथे रमतं, म्हणून थोडं सावकाश सांगते.

क्रम असा: प्रायमर, त्यावर सगळीकडे अल्युमिनियमसारखा चंदेरी रंग. तो पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग जिथे ‘पत्रा उघडा पडलेला’ दाखवायचा आहे तिथे स्प्रे बाटलीने पाण्याचा फवारा मारा आणि खडे मीठ चिमटीने टाका. सारखं पसरून टाकू नका. कोपऱ्यावर दाट, तिथून आत येताना विरळ, मग एखादाच खडा. पाणी वाळलं की मीठ चिकटून बसतं. त्यावर मोहरी-पिवळा रंग पातळ हातांनी मारा. वाळल्यावर बोटाने चोळत मीठ पाडा. खालून वेड्यावाकड्या कडांचे चंदेरी तुकडे उघडे पडतात, अगदी खऱ्या उडालेल्या रंगासारखे. नंतर पेटी साध्या पाण्याने दोनदा पुसून कोरडी करा, कारण मागे राहिलेलं मीठ खरोखरचा गंज आणेल.

पण मीठ कुठे टाकायचं? त्यासाठीच सुरुवातीला ती फौजी ट्रंक सांगितली. रंग उडतो तो ठरावीक ठिकाणी: आठ कोपऱ्यांवर, खालच्या कडेला, कडी जिथे लोंबकळून आपटते तिथल्या अर्धवर्तुळात, कुलूप ज्या जागी घासतं तिथे, आणि हँडलच्या वर, जिथे बोटांची मागची बाजू लागते. समोरच्या पसरट भागाच्या मधोमध काहीच घासत नाही. नवखा माणूस नेमका तिथेच ओरखडे काढतो, कारण ती जागा रिकामी दिसते. रिकामी राहू द्या.

बारीक टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्या. गडद तपकिरी रंगात टेकवा, कागदावर बराचसा पुसा आणि कडांवर नुसता टिपत जा.

गंजासाठी महागडी पावडर मागवायची गरज नाही. आपला गेरू घ्या. गेरूचा तांबूस रंग लोह ऑक्साइडचा, आणि गंजही लोह ऑक्साइडच, त्यामुळे रंग जुळतोच. मॅट वार्निशच्या दोन थेंबांत गेरू कालवून बिजागऱ्यांच्या खाली आणि रिबिटांभोवती लावा, मग कोरड्या ब्रशने खालच्या दिशेने ओढा. पावसाचं पाणी जसं गंज घेऊन खाली उतरतं, तसे ओघळ दिसले पाहिजेत.

शेवटी पाण्यात पातळ केलेला काळा-तपकिरी ॲक्रिलिक रंग सगळीकडे लावून लगेच फडक्याने पुसा. खाचांत तो राहतो आणि पेटीला खोली येते. माझ्या खाणकामगाराच्या पेटीवर वरून फिकट करड्या धुळीचाही हात आहे, कारण पोशाखाच्या बुटांवर तीच धूळ आहे. दोन्हींवर एकच धूळ दिसली की बघणाऱ्याला न सांगता कळतं, हे दोन्ही एकाच जागेवरून आले.

तुमचा पोशाख चकचकीत अंतराळयानातल्या अधिकाऱ्याचा असेल तर हे सगळं सोडून द्या. त्याची पेटी स्वच्छ हवी. तिथे सगळी शोभा सरळ रेषांत आणि अक्षरांत असते.

जोडभाग

सिनेमातल्या यानांच्या प्रतिकृती करणारे लोक मॉडेल-किटचे सुटे भाग पृष्ठभागावर चिकटवत आले आहेत. त्यामुळे यान मोठं आणि गुंतागुंतीचं वाटतं. आपल्याकडे त्यासाठी किट विकत घ्यायची गरजच नाही. आमच्या दिंडोरीच्या बागेत ठिबकच्या जुन्या नळ्या बदलल्या तेव्हा मला खजिनाच सापडला: १६ मिलिमीटरची काळी लॅटरल, टी, एल्बो, जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, व्हेंच्युरीचा निळा-काळा तुकडा. एक टी, दोन एल्बो आणि हातभर नळी एवढ्यात पेटीच्या बाजूने जाणारी ‘हायड्रॉलिक लाइन’ तयार होते. नळीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं की ते मऊ पडून जॉइनर सहज आत जातो, शेतात करतो तसंच.

मात्र ही नळी पॉलिथिनची. तिला गोंदही धरत नाही आणि रंगही. ती काळीच ठेवा आणि केबल टाय किंवा पत्र्याच्या क्लिपांनी आवळा. धुळीचा कोरडा ब्रश फिरवला की पुरे.

बाकी सामान भांडीबाजारात आणि भंगारवाल्यांकडे फिरून गोळा करा: कुकरची शिटी, मिक्सरचं कपलर, जुन्या कीबोर्डची बटणं, बिघडलेल्या पंख्याचा रेग्युलेटर. एक नियम मी पाळते, प्रत्येक भाग काहीतरी काम करतोय असं वाटलं पाहिजे. रेग्युलेटर असेल तर त्यातून नळी निघाली पाहिजे आणि ती कुठेतरी पोचली पाहिजे. आणि पेटी ज्या बाजूने गाडीच्या बाकाखाली सरकते त्या बाजूला काहीही बाहेर आलेलं नको.

चाकं लावायची तर आत १२ मिलिमीटरची प्लायवुडची पट्टी ठेवून नट-बोल्ट आणि वायसरने आवळा. नुसत्या पत्र्याला लावलेली चाकं पहिल्याच खड्ड्यात पत्रा फाडून बाहेर येतात.

अक्षरं आणि चिन्हं

गाड्यांवर अक्षरं-स्टिकर लावून देणारे रेडियमवाले हे या कामाचे खरे उस्ताद. त्यांच्याकडे प्लॉटर (स्टिकर कापायचं यंत्र) असतो, कोरलड्रॉमध्ये काढलेली फाइल नेली की हवा तो आकार कापून देतात. त्यांना स्टिकरऐवजी स्टेन्सिल मागा, म्हणजे अक्षराची जागा मोकळी सोडलेला तुकडा. रंगवलेलं अक्षर जुनं करता येतं. स्टिकर कायम स्टिकरच दिसतो. ऑइल पेंटवर स्टेन्सिल लावण्याआधी आठवडाभर थांबा, नाहीतर बुडबुडे येतात किंवा सोलताना खालचा रंग निघतो.

स्टेन्सिलच्या कडेखाली रंग झिरपू नये म्हणून आधी पेटीचाच रंग एक पातळ हात मारा. झिरपायचा तो तोच झिरपेल आणि फट बुजेल. मग अक्षराचा रंग मारा, आणि तो पुरता कडक व्हायच्या आधी स्टेन्सिल हळूच मागे दुमडत काढा.

अक्षरं मराठीतच करा असा माझा आग्रह आहे. आपल्या भविष्यातल्या खाणीत पाट्या मराठीत का नसाव्यात? ‘दाब तपासा’, ‘ही बाजू वर’, ‘हवाबंद’. पण पुठ्ठ्याचं स्टेन्सिल स्वतः कापणार असाल तर देवनागरीत एक अडचण येते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला गोल तुकडा सुटून खाली पडतो. ‘प’, ‘म’, ‘ष’ यांच्यात शिरोरेषा आणि दांडा मिळून कप्पा बंद करतात. म्हणून पोटात एक बारीक पट्टी सोडा, आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर दोन मिलिमीटर तोडा. ‘हवाबंद’ कापताना मला सगळ्यात जास्त पट्ट्या सोडाव्या लागल्या, आणि त्याच तुटलेल्या रेषांमुळे ते कारखान्यातल्या ठशासारखं दिसतं.

परग्रहाची लिपी हवी असेल तर मोडीकडे बघा. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे फाँट मिळतात. तिची वळणं कोणाला पटकन ओळखू येत नाहीत, पण ज्याला वाचता येतं त्याचा चेहरा खुलतो. तिथे खरा मजकूर लिहा, उगाच अक्षरं जुळवू नका.

हे मात्र कळकळीने सांगते: किरणोत्साराचं खरं तीन पाकळ्यांचं चिन्ह, ‘स्फोटक’, ‘बॉम्ब’ असले शब्द, लाल उलटी मोजणी दाखवणारे दिवे पेटीवर लावू नका. स्टेशनवर बेवारस दिसलेली अशी पेटी सगळ्यांना घाबरवते, आणि पोलिसांनी ती उघडायला लावली तर चूक त्यांची नसते. सैन्याच्या खऱ्या तुकड्यांची चिन्हंही नकोत. फौजी ट्रंकेकडून घासलेपणा घ्या, तिची चिन्हं त्यांची त्यांच्याकडे राहू द्या. इशाऱ्याचं चिन्ह हवंच असेल तर आपल्या जगाचं स्वतःचं काढा. माझ्या पेटीवर फुटलेल्या दगडातून वर जाणारी तीन टिंबं आहेत. खाणीत धूळ वाढली की दिसणारा इशारा.

सगळ्यावर मॅट क्लिअरचे दोन पातळ हात मारा. चकचकीत क्लिअर मारलंत तर मिठापासून गेरूपर्यंतची सगळी मेहनत ओल्या भांड्यासारखी दिसेल.

निघताना आणि परत आल्यावर

झाकणाच्या आत पारदर्शक खिसा लावा. त्यात नाव, फोन नंबर आणि पोशाखाच्या भागांची यादी ठेवा. दुसऱ्या खिशात दुरुस्तीचं सामान: गोंदाची छोटी ट्यूब, वेल्क्रोची पट्टी, चार केबल टाय, सुई-दोरा, दोन्ही रंगांची थोडी बाटली आणि स्पंजचा तुकडा. कार्यक्रमात काहीतरी निघतंच. स्प्रेचे डबे मात्र गाडीत नेऊ नका, ज्वलनशील सामान रेल्वेत चालत नाही.

चारचाकीने गेलात तर पेटी बंद गाडीत उन्हात सोडू नका. ग्लूगनने चिकटवलेले सांधे उन्हाच्या झळीने सुटतात.

घरी आल्यावर कितीही दमलेले असलात तरी पेटी तशीच बंद ठेवू नका. पोशाखाच्या आतल्या पट्ट्यांना घाम असतो, तो बंद पेटीत दोन दिवसांत वास धरतो. भाग काढून पंख्याखाली ठेवा, पेटीचं झाकण रात्रभर उघडं असू द्या, आणि सकाळी सिलिका जेलचा रंग बघून मगच कडी लावा.